न दिसणारं अक्षर आणि दिसणारी चांदणी

८ जुलै २०२५ रोजी गिटच्या, म्हणजे प्रोग्रॅमच्या फाइलींचा इतिहास सांभाळणाऱ्या व्हर्जन कंट्रोल सॉफ्टवेअरच्या, आठ आवृत्त्या एकाच दिवशी बाहेर आल्या. २.४३.७ पासून २.५०.१ पर्यंत. असा आकड्यांचा घोळका दिसला की सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाच्या पोटात गोळा येतो. नवी सोय आली तर एकच आवृत्ती येते. इतक्या जुन्या शाखांना हात लावलाय, म्हणजे कुठेतरी भोक आहे आणि ते बरंच जुनं आहे.

अशा वेळी आधी पॅच, म्हणजे दुरुस्ती, लावावा आणि मग वाचत बसावं, यात शहाणपण आहे. मी नेहमी उलटं करते. डिफ, म्हणजे जुन्या-नव्या कोडमधल्या फरकाची यादी, उघडते, चहाटळपणाने बघते की काय मोडलं होतं, आणि मग कामाला लागते. ही सवय चांगली नाही, पण वीस मिनिटांचाच उशीर होतो आणि त्या वीस मिनिटांत जे शिकायला मिळतं ते एरवी मिळत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातलेली आहे.

त्या दिवशीच्या दोषांपैकी सगळ्यात बोलबाला झालेला होता सीव्हीई-२०२५-४८३८४ (सुरक्षा दोषांच्या यादीतला हा त्याचा क्रमांक). डेव्हिड लेडबीटर यांनी तो शोधला होता. डिफ उघडला आणि आधी वाटलं, आपण चुकीची फाइल उघडली. कॉन्फिग, म्हणजे सेटिंगची फाइल, लिहिणाऱ्या फंक्शनमध्ये एक अट होती: सेटिंगच्या किमतीत (व्हॅल्यूमध्ये) अर्धविराम किंवा हॅश असेल तर ती अवतरणचिन्हांत घाला. त्या अटीला आणखी एक ‘किंवा’ जोडला होता. किंवा कॅरेज रिटर्न असेल तर. सोबत चाचण्या होत्या, पण औषध एवढंच. लिनक्सपासून जगभरातल्या असंख्य प्रकल्पांचा इतिहास ज्यात ठेवला जातो, त्या सॉफ्टवेअरमधलं भोक बुजवायला एका अक्षराची ओळख पटवून द्यावी लागली होती. आणि ते अक्षर पडद्यावर दिसतही नाही.

कॅरेज रिटर्न हे टाइपरायटरच्या घराण्यातलं नाव. ओळ संपली की डावीकडचा दांडा उजवीकडे ढकलायचा, गाडा खडखडत मूळ जागी यायचा आणि कागद एक ओळ वर सरकायचा. टेलिप्रिंटरवर ही दोन कामं वेगळी झाली: गाडा मागे नेण्याची एक आज्ञा, कागद सरकवण्याची दुसरी. गाडा गेला, कागद गेला, आज्ञा राहिल्या. विंडोजमध्ये मजकुराच्या ओळीच्या शेवटी दोन्ही असतात, युनिक्सच्या घरात फक्त दुसरी. त्यामुळे दोन्हीकडच्या फाइली वाचणारा कुठलाही प्रोग्रॅम ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न दिसलं की ते गुपचूप काढून टाकतो. गिटही कॉन्फिग वाचताना तेच करत होतं. वाचणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर हा समंजसपणा आहे.

लिहिणाऱ्याच्या बाजूनेही चूक सापडत नाही. त्याला एक किंमत दिली, त्याने ती जशीच्या तशी लिहिली. अर्धविराम आणि हॅश यांना कॉन्फिगमध्ये खास अर्थ असतो म्हणून त्यांच्यासाठी अवतरणं घातली, कॅरेज रिटर्न मात्र बिनधोक म्हणून सोडलं. आता दोघांना समोरासमोर बसवा. लिहिणारा शेवटी कॅरेज रिटर्न लिहितो, वाचणारा ते काढतो. लिहिलेलं एक, वाचलेलं दुसरं. दोन्ही फंक्शनं वेगवेगळी तपासली असती तर दोन्ही उत्तीर्ण झाली असती.

यातून हल्ला कसा होतो, ते कळायला गिटचं एक मूलभूत वचन लक्षात घ्यावं लागतं. तुम्ही कुणा अनोळखी माणसाचा रेपो (प्रकल्पाचा साठा) क्लोन केला, म्हणजे त्याची प्रत उतरवून घेतली, तर त्याच्या फाइली तुमच्याकडे येतात, त्याचा इतिहास येतो, पण तुमच्या मशीनवर त्याचं काहीही चालत नाही. चालू शकणाऱ्या गोष्टी, म्हणजे हुक (ठराविक वेळी आपोआप चालणाऱ्या छोट्या स्क्रिप्ट), डॉटगिट नावाच्या फोल्डरमध्ये राहतात आणि ते फोल्डर क्लोनबरोबर प्रवास करत नाही. ते तुमचं तुमच्याकडेच बनतं. कमिट केलेली, म्हणजे इतिहासात नोंदलेली, कुठलीही फाइल त्यात उतरू शकत नाही. आपण दिवसभर बिनदिक्कत क्लोन करत असतो ते या एका वचनावर. गिटमधले कितीतरी गाजलेले दोष म्हणजे हे वचन मोडून त्या फोल्डरमध्ये शिरण्याच्या वेगवेगळ्या वाटा आहेत.

यावेळची वाट अशी होती. रेपोमध्ये एक सबमॉड्यूल (रेपोच्या आतला दुसरा रेपो) ठेवायचं, ज्याच्या पाथच्या, म्हणजे फोल्डरच्या पत्त्याच्या, शेवटी कॅरेज रिटर्न आहे. त्याच रेपोमध्ये अगदी त्याच नावाची, पण ते शेवटचं अक्षर नसलेली सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारी फाइल) ठेवायची, आणि तिचं तोंड सबमॉड्यूलच्या हुकच्या फोल्डरकडे वळवायचं. कुणी सबमॉड्यूलांसकट क्लोन केलं की गिट पाथ लिहितं एक आणि वाचतं दुसरा, सिमलिंकच्या वाटेने जातं, आणि सबमॉड्यूलमधल्या फाइली नेमक्या जिथे हुक राहतात तिथे नेऊन ठेवतं. त्यातलीच एक चेकआउटनंतर, म्हणजे फाइली मांडून झाल्यावर, आपोआप चालणारं हुक म्हणून चालते. खेळ खलास. गंमत म्हणजे ज्या विंडोजच्या सोयीसाठी ते अक्षर काढून टाकलं जात होतं, त्या विंडोजला या दोषाची बाधा नव्हती. तिथे फाइलच्या नावात असली अक्षरं चालतच नाहीत. मॅक आणि लिनक्सवाले सापडले.

आपल्याकडे लिखित हुकमात एक अक्षर बदललं की काय होतं हे सांगायला ‘ध चा मा’ तयार असतो. मीही तोच वापरणार होते. पण तो इथे नीट बसत नाही. त्या आख्यायिकेत कुणीतरी कागदावर अक्षर बदललं होतं, म्हणजे कागद तपासला की चोरी पकडता आली असती. इथे कागद शाबूत आहे. एकाच कागदाचे दोन वाचणारे आहेत आणि दोघांची नजर वेगळी आहे. तपासणाऱ्याला एक दिसतं, अंमल करणाऱ्याला दुसरं.

हे एकदा डोक्यात बसलं की गिटच्या जुन्या जखमा एकाच सुरीच्या वाटायला लागतात.

डिसेंबर २०१४ मधलीच बघा. गिट लिनक्सवर वाढलं, आणि तिथे लहान-मोठी अक्षरं वेगळी. म्हणून ‘डॉटगिट’ या नावाची फाइल कमिट करायला त्याने बंदी घातली, पण तेच नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं तर ते त्याच्या मते भलतंच नाव. विंडोज आणि मॅकच्या फाइल सिस्टिमला मात्र दोन्ही सारखीच. पहारेकरी म्हणतो हा वेगळा माणूस, आत सोडा. घर म्हणतं, अरे हा तर घरचाच, या बसा. मर्क्युरियल या दुसऱ्या व्हर्जन कंट्रोलच्या लोकांना हा दोष आपल्याकडे आढळला आणि त्यांनी गिटवाल्यांना कळवलं. १८ डिसेंबरला गिट २.२.१ आलं, सोबत जुन्या शाखांचे पॅच.

त्यातला एक पोटभेद मला विशेष जवळचा वाटला, कारण तो देवनागरीत टाइप करणाऱ्याच्या रोजच्या ओळखीचा आहे. मॅकची तेव्हाची फाइल सिस्टिम नावांची तुलना करताना काही युनिकोड अक्षरं धरतच नसे. त्यांत शून्य रुंदीचा जोडक होता, म्हणजे आपला झेडडब्ल्यूजे. ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला तो आडवा र खालच्या नुक्त्याच्या ऱ ने उमटवता येतो, किंवा साधा र, हलन्त आणि हा न दिसणारा जोडक घालूनही. डोळ्यांना दोन्ही शब्द एकच. शोधायला गेलं की एक सापडतो, दुसरा नाही. मराठी मजकुरात शोध का लागत नाही म्हणून मी एकदा अख्खी दुपार घालवली आहे, आणि शेवटी बाइट छापून पाहिल्यावर हा पाहुणा सापडला. नेमकं हेच अक्षर ‘डॉटगिट’ या नावाच्या मधोमध खोचलं की गिटच्या दृष्टीने ते नवं नाव, आणि मॅकच्या दृष्टीने तेच जुनं. ज्याच्यामुळे आपला र नीट आडवा होतो, त्याच्यावर हल्ल्याचं हत्यार म्हणून पॅच काढावा लागला! २०१४ मध्ये विंडोज-मॅक सापडले आणि लिनक्सवाले हसले. २०२५ मध्ये फासा उलटा पडला.

ऑगस्ट २०१७ मध्ये अक्षर होतं आडवी रेघ. दूरच्या सर्व्हरशी सुरक्षितपणे जोडून देणाऱ्या एसएसएचच्या पत्त्यात सर्व्हरचं नाव रेघेने सुरू केलं की एसएसएच ते नाव म्हणून वाचत नसे, स्वतःला दिलेला पर्याय म्हणून वाचे, आणि त्या पर्यायातून हवी ती आज्ञा चालवता येई. गिट, मर्क्युरियल, सबव्हर्जन, तिघंही एकाच खड्ड्यात होते आणि तिघांचे पॅच एकाच दिवशी आले. एप्रिल २०२० मध्ये पाळी नव्या ओळीच्या अक्षराची. पासवर्ड सांभाळणाऱ्या मदतनिसाशी गिट ओळीओळीने बोलतं, आणि पत्त्यात एक नवी ओळ दडवली की मदतनीस एका सर्व्हरचा पासवर्ड दुसऱ्याच सर्व्हरसाठी काढून द्यायचा. १४ तारखेला पॅच आला. सहा दिवसांनी दुसरा आला, कारण रिकाम्या नावाची वाट पहिल्यात राहून गेली होती. ते वाचून मला खरं सांगायचं तर बरं वाटलं होतं. आपल्यालाच एका फटक्यात जमत नाही असं नाही.

उलटा दाखलाही आहे, आणि तो गिटच्या जन्माआधीचा. नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्स कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, मुख्य साठा बिटकीपर या व्हर्जन कंट्रोलमध्ये होता आणि सोयीसाठी त्याची एक प्रत सीव्हीएस या दुसऱ्यात ठेवलेली असे. कुणीतरी त्या प्रतीत घुसून दोन ओळी घातल्या. वाचताना वाटे की वापरकर्ता रूट, म्हणजे सर्वाधिकारी, आहे का, याची तुलना चालली आहे. प्रत्यक्षात बरोबरचं चिन्ह दोनदा हवं तिथे एकदाच होतं, त्यामुळे ती तुलना नव्हतीच. वापरकर्त्याला रूट करून टाकणारी ती नेमणूक होती. डोळा दोन चिन्हं वाचतो, कंपायलर एक. पण पकडली गेली, कारण मुख्य साठ्यात त्या बदलाची नोंद नव्हती आणि दोन साठ्यांचा ताळा जुळेना. दोन वाचणाऱ्यांचं न जुळणं इथे कामी आलं. ते जुळतंय की नाही हे बघणारं कुणीतरी तिथे होतं, एवढाच काय तो फरक.

वीस मिनिटांची चाळीस झाली होती. कामाला लागले.

पॅच लावायचा म्हणजे गिट अपडेट करायचं, असं बाहेरच्याला वाटतं. कुठलं गिट? माझ्या एकट्या लॅपटॉपवर तीन निघाले: ऑपरेटिंग सिस्टिमच्या डेव्हलपर टूलबरोबर आलेलं, पॅकेज मॅनेजरने बसवलेलं, आणि चित्रमय क्लायंटने पोटात आणलेलं त्याचं स्वतःचं. टर्मिनलमध्ये आवृत्ती विचारली तर यांतला जो प्रोग्रॅम शोधण्याच्या यादीत पहिला तोच उत्तर देतो, बाकीचे दोघं गप्प बसतात. सर्व्हरवर तर प्रत्येक कंटेनरच्या इमेजमध्ये (प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेल्या साच्यात) एकेक गिट, आणि इमेज कुणी कधी बांधली त्यानुसार त्याचं वय. ऑपरेटिंग सिस्टिमचा पॅच लागला म्हणून त्या आतल्या गिटला काही फरक पडत नाही. इमेज नव्याने बांधावी लागते.

आणि नुसता आकडा बघून फसायला होतं. लिनक्सची काही वितरणं आवृत्तीचा आकडा जुनाच ठेवतात आणि फक्त दुरुस्ती मागे नेऊन जोडतात. त्यामुळे जुना आकडा दाखवणारं गिट सुरक्षित असू शकतं, आणि आमच्या तपासणीच्या स्क्रिप्टने ते लाल दाखवलं. पुन्हा तेच: लिहिणाऱ्याने आकडा एका अर्थाने लिहिला, वाचणाऱ्या स्क्रिप्टने दुसऱ्या अर्थाने वाचला. ती स्क्रिप्ट अर्थात मीच लिहिली होती.

घाई करण्याचं एक कारण असतं. असले दोष खाजगी मेलिंग लिस्टवर कळवले जातात, पॅच बंद दाराआड तयार होतो, वितरणं सांभाळणाऱ्यांना आधी कुजबुज पोचते, आणि ठरल्या दिवशी सगळं एकदम उघड होतं. पण पॅच उघड झाला की तोच नकाशा होतो. कुणीही डिफ काढावा आणि बघावं, काल इथे काय नव्हतं. जी गोष्ट मी चहाटळपणाने वीस मिनिटांत वाचली, ती वाईट हेतूने वाचणाऱ्यालाही वीस मिनिटंच लागणार. ऑगस्ट संपायच्या आत अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने, म्हणजे सीसाने, हा दोष प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या दोषांच्या यादीत घातला. त्यात आणखी एक विनोद असा की गिटचा सोर्सही गिटमध्येच असतो. पॅच आणायचा तर भोक असलेल्या गिटनेच ओढून आणायचा.

संध्याकाळपर्यंत इमेज बांधून होत आल्या. शेवटच्या दोन-तीन राहिल्या होत्या, त्यांच्या कॉन्फिगमधून नजर फिरवताना मला ती चांदणी दिसली.

सेफ डॉट डिरेक्टरी, बरोबर, चांदणी.

ही चांदणी, म्हणजे कीबोर्डवरचं * हे चिन्ह, २०२२ सालची. गिट आपला रेपो शोधायला फोल्डरमधून वर वर चढत जातं. अनेकांच्या वापरातल्या मशीनवर कुणी वरच्याच पायरीवर स्वतःचं डॉटगिट मांडून ठेवलं, तर खालचा माणूस साधं स्टेटस विचारतानाही त्याचं कॉन्फिग वाचतो, आणि कॉन्फिगमधून आज्ञा चालवता येतात. १२ एप्रिलच्या २.३५.२ ने नियम घातला की फोल्डरचा मालक दुसरा असेल तर गिट काम करणार नाही, अपवाद हवा असेल तर नावानिशी सांगा. नियम रास्त होता. पण कंटेनरमध्ये बिल्ड, म्हणजे प्रोग्रॅमची बांधणी, चालतो रूट म्हणून, आणि बाहेरून जोडलेलं फोल्डर असतं भलत्याच वापरकर्त्याचं. त्या सकाळी आमच्या सगळ्या पाइपलाइन (आपोआप चालणाऱ्या बिल्डच्या मालिका) एकसुरात ओरडत होत्या: असुरक्षित रेपो, मालक दुसरा आहे. आरडाओरडा सगळीकडेच झाला असावा, कारण दोनेक दिवसांतच आलेल्या २.३५.३ मध्ये चांदणी आली. चांदणी लिहिली की सगळीच फोल्डरं सुरक्षित. म्हणजे पॅच लावलाही आणि नाहीही.

हे पॅचच्या बाबतीत होतंच. मे २०२४ मध्ये क्लोन करताना हुक चालू नयेत म्हणून २.४५.१ मध्ये जादा बंदोबस्त केला, त्यात मोठ्या फाइलींसाठीच्या गिट एलएफएसचा गळा आवळला गेला, आणि महिना संपायच्या आत २.४५.२ मध्ये तो जादा भाग मागे घ्यावा लागला. तिथे निदान मागे घेतलं ते जाहीरपणे, कारण लिहून.

आमच्या चांदणीवर ब्लेम, म्हणजे ओळ कुणी आणि कधी लिहिली ते सांगणारी गिटची आज्ञा, चालवलं. नाव माझंच आलं, महिना एप्रिल २०२२. कमिटचा संदेश: ‘तात्पुरतं. बिल्ड चालू करण्यासाठी.’

तीन वर्षं आणि तीन महिने. ती एका इमेजमध्ये टाकली होती, आता अकरांमध्ये होती. बाकीच्या दहांच्या ब्लेममध्ये दुसरं नाव होतं, आमच्यात नंतर आलेल्या एका मुलाचं. काम नीट करणारा, प्रत्येक ओळ का आहे ते विचारणारा मुलगा. त्याला विचारलं, “ही ओळ सगळीकडे कशी गेली रे?”

तो म्हणाला, “जुन्या इमेजमध्ये तुमच्या नावावर होती. मला वाटलं, तुम्ही विचार करूनच टाकली असेल.”

“संदेशात तात्पुरतं लिहिलं होतं की.”

“मी फाइल बघितली, संदेश नाही बघितला.”

यावर मला बोलता येईना. लिहिताना मी ‘उद्या काढायची’ असं लिहिलं होतं, वाचताना त्याने ‘हे असंच हवं’ असं वाचलं होतं. ओळ तीच. दोघांच्या कामात वेगवेगळं पाहिलं तर काही चूक काढता आली नसती, निदान त्याच्या कामात तरी नाही.

दुसऱ्या दिवशी चांदणी काढली. अकरांपैकी चार बिल्ड पडले. दोन ठिकाणी फोल्डरची मालकी सरळ करून भागलं, राहिलेल्या दोन ठिकाणी मिळून तीन पाथ नावानिशी लिहावे लागले. कमिटचा संदेश टाइप करताना बोटं सवयीने ‘तात्पु’पर्यंत गेली होती. ते खोडलं, आणि फाइलमध्येच, प्रत्येक पाथच्या डोक्यावर, तो कुणाचा आणि का, ते लिहिलं. मग रिव्ह्यूला त्याच्याकडेच पाठवलं.

दहा मिनिटांत एकच शेरा आला. दुसऱ्या पाथच्या शेवटी एक जास्तीची स्पेस आहे.

शेवटची स्पेस गिट वाचताना काढून टाकतं, हे मला माहीत होतं. काढली.